डेकवरच्या वळकटीपासून हवेच्या गादीपर्यंत: आई-बाबा राहायला येणार असतील तर हे वाचा



नोव्हेंबर लागतो, सीफच्या किनाऱ्यावर संध्याकाळी आरामात चालता येईल इतका वारा गार होतो, आणि आपल्या मराठी आयांच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: व्हिजिट व्हिसाला किती दिवस लागतात? दुसरा: "सासू-सासरे दोन महिन्यांसाठी येतायत, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, हवेची गादी कुठली घेऊ?" दुसऱ्या प्रश्नाखाली दहा मिनिटांत पंधरा लिंका पडतात आणि विचारणारी बिचारी आणखीनच गोंधळते.

मी व्यवसायाने सीए. नवीन खर्च मंजूर करण्याआधी मागच्या वर्षांची खाती चाळायची आमची सवय. जमिनीवर अंथरूण टाकण्याचं आपलं खातं तर शेकडो वर्षं जुनं आहे. म्हणून आज आधी थोडा इतिहास आणि मग खरेदी. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

"टाकायची" वस्तू

आपण गादी "घालतो", अंथरूण "टाकतो", पाहुणे आले की "पोरांनो, गाद्या टाका रे" म्हणतो. गंमत बघा, इंग्रजीतला मॅट्रेस हा शब्द मुळात अरबी आहे. "मत्रह" म्हणजे जिथे काहीतरी खाली टाकलं जातं ती जागा. "तरह" म्हणजे टाकणं. हा शब्द अरबांकडून इटलीत गेला, तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण आता पलंग, हेडबोर्ड आणि साइड टेबल मांडून बसलो आहोत, ती मूळची जमिनीवर टाकायची आणि सकाळी उचलायची वस्तू होती. इथल्या जुन्या वळणाच्या घरांत मजलिसमध्ये अजूनही जमिनीलगत गाद्या आणि लोड असतात.

आपल्याकडे तर "गादी" या शब्दाला केवढा मान! साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. राज्य गादीवर बसून चालायचं आणि धंदाही. पेढीवरचा मुनीम पांढऱ्या गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरतं मेज घेऊन चोपड्या लिहायचा. माझ्या पेशाचे ते पूर्वजच. त्यामुळे जमिनीवरची गादी म्हणजे गरिबाघरची तडजोड, असं आपल्याकडे कुणी मानलं नाही.

१६० चौरस फुटांचा हिशोब

पण गादी उचलून ठेवायची पद्धत टिकली ती मानासाठी कमी आणि जागेसाठी जास्त. मुंबईचंच उदाहरण घ्या. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथे चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक.

आता सहा बाय साडेसहा फुटांचा किंग साइझ पलंग घ्या. तो ३९ चौरस फूट जागा खातो. म्हणजे बीडीडीतल्या खोलीचा जवळजवळ चौथा भाग चोवीस तास अडवणार, वापर मात्र आठच तास. कुठल्याही हिशोबनिसाला न पटणारी गोष्ट. म्हणून रात्री गाद्या खाली यायच्या आणि सकाळी त्यांची घडी होऊन कोपऱ्यात किंवा कपाटावर जायची. त्याच जागेवर मग चहा, अभ्यास, भाजी निवडणं, दुपारी शेजारणींच्या गप्पा. गिरणगावात तर एकाच खोलीत राहणारी गावाकडची माणसं पाळ्यांप्रमाणे झोपायची. रात्रपाळीवाला सकाळी परतायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची जागा रिकामी झालेली असायची.

या पद्धतीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. या दोन्ही आपल्याला पुढे खरेदीत लागणार आहेत, म्हणून लक्षात ठेवा.

एक, थर. नुसती गादी कुणी फरशीवर टाकत नसे. खाली चटई किंवा सतरंजी, वर कापसाची गादी, तिच्यावर चादर किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी, पांघरायला सोलापुरी चादर. घाटावर वाकळ, धनगरी मुलखात घोंगडी. खालचा थर ओल आणि गारवा अडवायचा, मधला हाडांना आधार द्यायचा, वरचा ऊब धरायचा. अधूनमधून गाद्या उन्हात पडायच्या आणि काही वर्षांनी पिंजारी येऊन गोळा झालेला कापूस पुन्हा पिंजून द्यायचा.

दोन, जमिनीवर सगळे झोपत नसत. बाळंतिणीला बाज होती. घरातल्या थकलेल्या माणसाला खाट किंवा घरातला एकुलता एक पलंग होता. चांगले धडधाकट लोक आणि पोरंटोरं खाली. "आपल्याकडे जमिनीवरच झोपायची पद्धत" असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यातली ही बाज आणि ही खाट आपण विसरतो.

मुंबई ते मनामा, आपापल्या अंथरुणावर

घर सोडून निघालेला माणूस आपली गादी सोबत न्यायचा. ट्रंक आणि वळकटी! शिकायला किंवा नोकरीला मुंबईत आलेल्या आपल्या कितीतरी आजोबांची सगळी मालमत्ता एवढीच होती. ज्याची ऐपत बरी तो जाड कॅनव्हासचा होल्डॉल घ्यायचा. रेल्वेच्या फलाटावर तो पट्टे आवळून बांधलेला असे, आणि बाकावर उलगडला की बिछाना.

हीच वळकटी आखातातही आली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी १८६२ पासून मुंबईहून टपाल घेऊन आखातात यायच्या. कराची, मस्कत, बहरीन करत बसऱ्यापर्यंत. दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गावर आलेल्या चार बोटींची नावं जुन्या लोकांच्या तोंडी होती: द्वारका, दारा, दुम्रा आणि दारेसा. केबिनमध्ये मोजकी माणसं. बाकी शेकडो प्रवासी डेकचे. डेकचं तिकीट म्हणजे पलंग नाही, खोली नाही, फक्त जागा. वळकटी उलगडली की तेवढं आपलं घर. उशाला ट्रंक, बाजूला पाण्याचं भांडं. कोकणातल्या माणसाला त्यात नवल नव्हतं. मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणाऱ्या बोटींवरही तो असाच पथारी पसरून जायचा.

१९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ दारा बोटीवर स्फोट झाला आणि २३८ माणसं गेली. त्यातली बरीचशी अशीच, पोटासाठी निघालेली साधी माणसं. द्वारका मात्र १९८२ पर्यंत चालली. तोवर विमानं आली होती, आणि वीस किलोच्या बॅगेत वळकटी बसत नाही.

त्या काळी इथे उतरलेल्याला पैसेसुद्धा ओळखीचे होते, बरं का. बहरीनमध्ये भारतीय रुपया चालायचा. १९५९ साली आखातासाठी वेगळा गल्फ रुपया निघाला आणि १९६५ मध्ये दिनार आला, तेव्हा दर होता एका दिनारला दहा रुपये. (आजचा दर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तो विषय नको!)

आणि इथली माणसं कशी झोपायची? मोती काढणारे पाणबुडे उन्हाळ्याचे जवळजवळ चार महिने समुद्रावर असत आणि होडीच्या फळ्यांवरच पाठ टेकत. गावात वीज आणि एसी येण्याआधी उन्हाळ्यात घरंच्या घरं रात्री गच्चीवर अंथरुणं टाकायची. आपल्या वाड्यांसारखीच. "सीफ" या शब्दाचा अर्थच किनारा. आज जिथे आपले पंधरा-वीस मजली टॉवर आहेत ती बरीचशी जमीन समुद्रात भर घालून केलेली. तिच्यावर उभ्या असलेल्या फ्लॅटमध्ये, एसी बावीसवर ठेवून, आपण पुन्हा फरशीवर अंथरूण टाकायला निघालो आहोत.

गादीत हवा कधी आली?

ही गोष्ट पावसाळी कपड्यापासून सुरू होते. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. पाणी शिरत नाही ते कापड हवाही धरून ठेवतं, हे लोकांच्या लगेच ध्यानात आलं आणि हवेच्या उशा आणि गाद्या निघाल्या.

१८३२ मध्ये डॉक्टर नील आरनॉट यांनी याच कापडाचा उपयोग एका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी केला. पाण्याने भरलेल्या हौदावर हे कापड सैल पसरायचं आणि त्यावर रुग्णाला निजवायचं, म्हणजे शरीराचा भार एका जागी येत नाही आणि पाठीला जखमा होत नाहीत. हे आरनॉट तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर सर्जन होते. कुणालाही हे अंथरूण बनवता यावं म्हणून त्यांनी पेटंट घेतलं नाही. आज आपल्याकडे आजारी माणसासाठी वॉटर बेड किंवा एअर बेड भाड्याने आणतात, त्याचं मूळ हे.

पण ते रबर थंडीत कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. गंधक घालून रबर तापवायच्या चार्ल्स गुडइयरच्या पद्धतीला १८४४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि ती अडचण सुटली. पुढे १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने कडक पीव्हीसी मऊ आणि लवचीक करून दाखवलं. आज आपण दुकानातून आणतो त्या बहुतेक गाद्या त्याच मऊ पीव्हीसीच्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये बोईंगमधून कमी केलेल्या इंजिनिअरांनी हवाबंद पिशवीत फोम घातला. झडप उघडली की फोम फुगतो आणि हवा आपोआप आत ओढतो. गिर्यारोहकांची थर्म-अ-रेस्ट गादी ती हीच.

म्हणजे हवेची गादी घडली ती दोघांसाठी: रुग्ण आणि प्रवासी. एकाला आधार हवा होता, दुसऱ्याला हलकं ओझं. दुकानातला खोका मात्र "सगळ्यांसाठी" म्हणून विकला जातो. इथेच आपला प्रश्न सुरू होतो.

आता खरेदी. पहिला प्रश्न: झोपणार कोण?

आई-बाबा फोनवर म्हणतात, "अगं आम्हाला काय, जमिनीवर सवय आहे. कुठेही झोपू." ते खोटं बोलत नाहीत. पण ती सवय त्यांच्या तिशीतली आहे आणि येणारे गुडघे सत्तरीचे. रात्री दोनदा बाथरूमला उठायचं, अंधारात, परक्या घरात, गुळगुळीत टाइल्सवर. पडलं की कंबरेचं हाड, आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाच्या हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही.

म्हणून जुन्या घराचाच नियम लावा. पलंग थकलेल्यांना, जमीन धडधाकटांना. तुमचा पलंग त्यांना द्या आणि हवेची गादी तुमच्यासाठी किंवा मुलांसाठी घ्या. ते "नको नको" म्हणतीलच. तेव्हा वाद घालू नका. "मुलांना खाली झोपायची हौस आहे" एवढं म्हणा. आजी-आजोबा नातवंडांच्या हौसेला नाही म्हणत नाहीत.

हे जमण्यासारखं नसेल तर मग उंच गादी घ्या. साध्या हवेच्या गाद्या साधारण २० ते २५ सेंटीमीटर उंच असतात आणि दुहेरी उंचीच्या सुमारे ४५. जेवणाच्या टेबलाची खुर्चीही तेवढीच उंच असते. तुमच्या आई खुर्चीवरून हात न टेकता उठू शकतात का, हे व्हिडिओ कॉलवर सहज बघून घ्या. त्यातच त्रास होत असेल, किंवा पाठीचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर हवेची गादी त्यांच्यासाठी नाही. विषय संपला.

बाकीचे मुद्दे

आकार: आजी-आजोबा किंवा नवरा-बायको, दोघांसाठी एक क्वीन घेण्यापेक्षा दोन सिंगल घ्या. एकाने कूस बदलली की दुसरा हिंदकळतो, तो प्रकार वाचतो. शिवाय एक फुटली तर दुसरी असते.

आतली रचना: खोक्यावर आतलं चित्र बघा. आत उभे खांब किंवा पट्ट्यांचे बरेच कप्पे असतील तर पृष्ठभाग सपाट राहतो. कमी कप्पे म्हणजे मधोमध खड्डा आणि सकाळी कंबर धरून बसणं. वजनाची मर्यादाही वाचा आणि काठावर राहू नका.

थंडी: हा मुद्दा सगळे विसरतात. आतली हवा खेळती असते, त्यामुळे ती अंगाची ऊब ओढून गार फरशीला देत राहते. वरून दोन पांघरुणं घेतली तरी पाठीला गार लागतं ते म्हणून. उपाय आपल्या थरांत आहे. खाली सतरंजी किंवा कार्पेट, म्हणजे फरशीचा गारवा अडतो, गादी सरकत नाही आणि खड्याने फुटत नाही. आणि गादीच्या वर जाड गोधडी, तिच्यावर चादर. येणाऱ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी आईच्या हातची एक गोधडी मागवा. महागड्या टॉपरपेक्षा बरी.

हवा: नवी गादी पहिल्या दोन-तीन रात्री सैल पडते. बहुतेकदा ती गळत नसते, नवं पीव्हीसी ताणलं जात असतं. दुसरं कारण एसी. दुपारी ३४ अंशांच्या खोलीत भरलेली हवा रात्री २२ अंशांवर आली की जवळजवळ चार टक्के आकसते. म्हणून पाहुणे येण्याआधी दोन दिवस गादी भरून ठेवा, नव्याचा वास जाऊ द्या, आणि झोपण्याआधी एसी तासभर चालला की पुन्हा थोडी हवा भरा. तरीही बसत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, अगदी सायकलच्या ट्यूबसारखं.

पंप: आत बसवलेला पंप सोयीचा, पण तो बिघडला की गादीच बाद. वेगळा पंप बदलता येतो. अमेरिकेतून कुणाकडून मागवत असाल तर सांभाळा. तिथला पंप १२० व्होल्टचा असतो आणि इथे २३० व्होल्ट. आणि हो, पंप आवाज करतो, तेव्हा रात्री अकराला नको. खाली शेजारी राहतात.

बाळ: हे ठळक अक्षरात वाचा. तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर कधीही झोपवू नका. आईशेजारी नाही, मोठ्यांच्या मध्ये नाही, "पाचच मिनिटं" म्हणूनही नाही. गादी मऊ असते, बाळ पालथं झालं किंवा गादी आणि भिंतीच्या फटीत सरकलं तर श्वास कोंडतो. अमेरिकेत असे मृत्यू झाले आहेत आणि तिथे या गाद्यांवर १५ महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तसा इशारा छापलेला असतो. बाळाला त्याचं वेगळं, घट्ट गादीचं अंथरूण हवं.

ठेवण: पुसून, पूर्ण वाळवून, सैल घडी. बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथल्या जुलैत पीव्हीसी टिकत नाही.

आणि हिशोब

स्वस्त-महाग किमतीवरून ठरवू नका, रात्रीवरून ठरवा. समजा २० दिनारांची गादी घेतली, वर्षाला ४० रात्री वापरली आणि तीन वर्षं टिकली. १२० रात्री झाल्या, म्हणजे रात्रीला १६७ फिल्स. ८ दिनारांची गादी एका मोसमात फुटली तर रात्रीला २०० फिल्स, वर मध्यरात्री फरशीवर आलेल्या पाहुण्यांची माफी मागायची ती वेगळी. पण वर्षातून चार-पाचच रात्री लागणार असेल तर विकतच घेऊ नका. ग्रुपवर विचारा. कुणाच्या तरी कपाटात एक पडलेली असतेच.

एक शेवटचं. गादी भरायचं आणि सकाळी आवरायचं काम मुलांना द्या. आपल्या मुलांना पाहुणे म्हणजे हॉटेल बुकिंग वाटायला लागलंय. कुणी आलं की आपली जागा रोज रात्री मांडायची आणि रोज सकाळी मोकळी करून द्यायची, हे आपल्या आधीच्या पिढ्या न शिकवता शिकल्या, कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. आपल्या मुलांना मुद्दाम शिकवावं लागेल.

तुमच्या घरात कुणी आजोबा, काका, मामा डेकच्या तिकिटावर आखातात आले होते का? द्वारका, दुम्रा, कुठलीही बोट असो. काय अंथरलं होतं, काय खाल्लं, शेजारी कोण होतं? कमेंटमध्ये लिहा. आणि आई-बाबा या हिवाळ्यात येणार असतील तर बोट गाठलेल्या ओळखीच्यांबद्दल त्यांनाच विचारा.